कलावंतांच्या नावाचे हेडफोन आणि ध्वनिरसिकांची साशंकता

विक्रीच्या वस्तूवर प्रसिद्ध व्यक्तीचे नाव घालण्याची रीत ध्वनियंत्रांच्या व्यापारात बरीच जुनी आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरी जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये घरबसल्या स्टीरिओ संगीत ऐकण्यासाठी हेडफोन तयार केला. त्यापूर्वी हेडफोन हे प्रामुख्याने तारायंत्रवाल्यांचे, नाविकांचे आणि वैमानिकांचे साधन होते. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांत, म्हणजे १९६६ मध्ये, कॉस यांच्याच कंपनीने बीटल्स या वाद्यवृंदाची चित्रे लावलेला ‘बीटलफोन’ विक्रीस काढला. संगीत ऐकण्याचे साधन आणि संगीतकाराची प्रसिद्धी यांची सोयरीक अशी जवळजवळ प्रारंभापासूनची आहे. असे असता २००८ नंतर याच सोयरिकीविषयी ध्वनिरसिकांच्या मनात एवढी तीव्र साशंकता का निर्माण व्हावी, आणि ती कितपत सप्रमाण होती, हा प्रश्न केवळ यंत्रविद्येचा नाही. रसग्रहणात नावाचे स्थान कोणते, हा साहित्यसमीक्षेलाही परिचित असलेला प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

डॉ. ड्रे या नावाने विख्यात असलेले रॅप-संगीतकार आंद्रे यंग आणि इंटरस्कोप या ध्वनिमुद्रण-संस्थेचे प्रमुख जिमी आयोव्हीन यांनी २००६ मध्ये बीट्स ही कंपनी स्थापन केली. ‘स्टुडिओ’ नावाचा तिचा पहिला हेडफोन २००८ मध्ये सुमारे साडेतीनशे डॉलर किमतीस बाजारात आला. त्याची निर्मिती मॉन्स्टर या अमेरिकन कंपनीकडे होती. त्याच वर्षी बीजिंग येथील ऑलिंपिक स्पर्धांस निघालेल्या अमेरिकन बास्केटबॉल संघाच्या खेळाडूंना लेब्रॉन जेम्स यांच्या हस्ते हे हेडफोन मिळाले आणि वृत्तचित्रांतून ते जगभर दिसले. पुढे २००९ मध्ये लेडी गागा, २०१० मध्ये डिडी आणि जस्टिन बीबर यांच्या नावांचे नमुने निघाले. अन्य कंपन्यांनीही हीच वाट धरली. फिफ्टी सेंट, लुडाक्रिस, जे-झी अशी रॅपगायकांची नावे एकामागून एक हेडफोनांवर चढली. २०११ मध्ये तैवानच्या एचटीसी कंपनीने बीट्सचा निम्म्याहून किंचित अधिक भाग विकत घेतला. तो बीट्सने पुढे परत मिळविला आणि २०१४ मध्ये ॲपलने तीन अब्ज डॉलरना सारी कंपनीच, तिच्या संगीतसेवेसह, ताब्यात घेतली. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलच्या संघटनेने त्याच वर्षी बोस या प्रतिस्पर्धी कंपनीशी करार केला होता. त्या कराराचा भंग झाला म्हणून ऑक्टोबरमध्ये कॉलिन केपर्निक या खेळाडूला दहा हजार डॉलर दंड झाला. सामन्यानंतरच्या वार्ताहर-परिषदेत गुलाबी रंगाचा बीट्स हेडफोन त्याच्या गळ्यात होता. गळ्यात होता, कानांवर नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्यातून त्या क्षणी काहीच ऐकले जात नव्हते अशा वस्तूसाठी एक कंपनी अधिकार राखीत होती आणि दुसरी प्रसिद्धी मिळवीत होती.

ध्वनिरसिकांचा आक्षेप येथूनच सुरू होतो. इंग्रजीत ज्यांना ऑडिओफाइल म्हणतात, त्या मंडळींची निष्ठा ध्वनीच्या यथार्थ पुनर्निर्मितीवर असते. मूळ ध्वनिमुद्रणात जे आहे ते न वाढविता, न घटविता कानापर्यंत पोहोचावे, ही त्यांची मागणी. सेनहायझरचा एचडी ६००, एकेजीचा के ७०१, ब्रुकलिन येथील ग्राडो कंपनीचे साधे, जुन्या धाटणीचे नमुने यांचा त्यांच्यामध्ये लौकिक असतो. त्यांच्या दृष्टीने गळ्यात मिरवावयाचा हेडफोन म्हणजे अलंकार, आणि अलंकाराची किंमत मोजून श्रवणाचे साधन मिळाल्याचे समाधान मानणारा ग्राहक हा फसलेला ग्राहक होय.

पहिल्या काळातील या हेडफोनांच्या ध्वनीविषयी पाहिले तर हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. त्यांतील खालच्या पट्टीचे नाद, ज्यांना आपल्याकडे खर्जाचे किंवा मंद्राचे म्हणता येईल ते, वाजवीपेक्षा पुष्कळ फुगविलेले होते. खालच्या पट्टीतील मोठा नाद वरच्या पट्टीतील सूक्ष्म नादांना झाकून टाकतो, उलट बाजूने मात्र तसे फारच कमी घडते, हा श्रवणशास्त्रातील सुस्थापित नियम आहे. त्यामुळे फुगलेला खर्ज केवळ स्वतः मोठा होऊन राहत नाही. तो इतरांच्या जागेवर अतिक्रमण करतो. ख्यालगायनाची एखादी ध्वनिमुद्रिका अशा हेडफोनवर ऐकली असता काय होईल याची कल्पना करणे कठीण नाही. डग्ग्याचा घुमारा पुढे येईल, आणि जवारीतून उठणारी तंबोऱ्याच्या स्वरांची जी बारीक वलये गायकाच्या आवाजाला आधार देत असतात ती त्या घुमाऱ्याखाली बुजून जातील. राग तोच राहील, पण ज्या अवकाशात तो उभा आहे तो अवकाश नाहीसा होईल. शिवाय त्या पहिल्या ‘स्टुडिओ’ हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट शमविणारी विद्युत्-योजना असल्यामुळे तो बॅटरीवर चालत असे, आणि बॅटरी संपली की संगीतच बंद पडे. साडेतीनशे डॉलर मोजलेल्या श्रोत्याने याला दोष म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नव्हती.

तथापि या हेडफोनांच्या जाहिरातीत केवळ सौंदर्याचा किंवा प्रतिष्ठेचा दावा नव्हता. कलावंताला ध्वनिमुद्रण-कक्षात जे ऐकू येते तेच श्रोत्याला ऐकू येईल, असे आश्वासन त्यात होते. हा दावा समीक्षेच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. कृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूत शोधावा आणि कर्त्याच्या साक्षीने तो निश्चित करावा, या भूमिकेचे विमसॅट आणि बीअर्ड्स्ली यांनी १९४६ मधील आपल्या निबंधात खंडन केले होते. येथे तीच भूमिका व्यापाराच्या वेषात परत आलेली दिसते. संगीतकाराचा हेतू त्याच्या नावाच्या वस्तूत उतरला आहे, आणि ती वस्तू विकत घेणाऱ्याला त्या हेतूचा लाभ होणार आहे!

प्रत्यक्ष स्थिती निराळी आहे. ध्वनिमुद्रण-कक्षांतून वर्षानुवर्षे वापरात असलेले हेडफोन पाहिले तर सोनीचा १९९१ पासूनचा ७५०६ हा नमुना डोळ्यांपुढे येतो. तो काळा, अनाकर्षक आणि सुमारे शंभर डॉलर किमतीचा आहे. कक्षातील अंतिम निर्णय तर पुष्कळदा हेडफोनवर होतच नाहीत. ते स्पीकरवर होतात, आणि ते स्पीकर व त्या खोल्या जागोजागी भिन्न असतात. कॅनडातील ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी या अवस्थेला ‘गोंधळाचे वर्तुळ’ असे नाव दिले आहे. ध्वनिमुद्रण ज्या स्पीकरवर पारखले गेले त्याचे गुणदोष ध्वनिमुद्रणात शिरतात, आणि मग त्याच ध्वनिमुद्रणाच्या आधारे श्रोता आपले स्पीकर पारखतो. अशा वर्तुळात कलावंताच्या कानांची हमी देणे म्हणजे जे कोणाच्याच स्वाधीन नाही ते विकणे होय. ध्वनिरसिकांनी हे ओळखले, हे त्यांचे श्रेय.

परंतु हाच युक्तिवाद त्यांच्याही मागणीला लागू पडतो, हे त्यांच्यापैकी थोड्यांनीच मान्य केले. मूळ ध्वनिमुद्रणात जे आहे ते जसेच्या तसे हवे, असे म्हणणाराही एका मूळ रूपाची कल्पना करीत असतो, आणि त्या वर्तुळात तेही हाती लागत नाही. त्यातून हेडफोनच्या बाबतीत ‘सपाट’ या शब्दाचाच अर्थ अवघड आहे. समोरच्या स्पीकरकडून येणारा नाद कानाच्या पाळीवरून व कर्णनलिकेतून जाताना सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपास बराच वाढतो. खोलीच्या भिंती खालच्या पट्टीत स्वतःची भर घालतात. डोके, पाळी आणि खोली यांना वगळून थेट कानाशी नाद पोहोचविणारा हेडफोन यंत्राच्या मापाने सपाट असेल, तर तो ऐकताना सपाट वाटत नाही. तो पोकळ आणि निस्तेज वाटतो. म्हणून हेडफोनला काही वळण द्यावेच लागते. ते कोणते द्यावे, यावर शास्त्रज्ञांतही दीर्घकाळ मतभेद होते.

येथे आय. ए. रिचर्ड्स यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. केंब्रिज येथे त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय मागविले. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील ते अभिप्राय आजही वाचकाला अस्वस्थ करतात, कारण नावाचा आधार सुटताच सुशिक्षित रसिकता किती डळमळते हे त्यांतून दिसते. ध्वनीच्या क्षेत्रात हाच प्रयोग टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये केला. हार्मन कंपनीच्या चाळीस कर्मचाऱ्यांनी स्पीकर दोनदा ऐकले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. समोर दिसताच मोठ्या व महाग स्पीकरांचे गुण वाढले, आणि पडद्याआड स्पष्ट ऐकू आलेले फरक पुसट झाले. ही माणसे याच व्यवसायातील होती, हे विसरून चालणार नाही.

हेडफोनच्या बाबतीत हा प्रयोग अधिक कठीण. पडदा लावता येत नाही, आणि डोक्यावर चढताच वस्तू आपले वजन व गादी यांनी स्वतःची ओळख देते. ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ मध्ये सहा प्रचलित हेडफोन घेऊन नाव व किंमत लपविली. श्रोत्याने वस्तूला हात लावू नये म्हणून प्रयोग घेणाऱ्यानेच ती मागून त्याच्या डोक्यावर ठेवली. पुढच्या वर्षी त्यांनी एकाच हेडफोनमधून इतर हेडफोनांचे स्वरवळण निर्माण करण्याची युक्ती योजून स्पर्शाचाही अडथळा बराचसा दूर केला. या मालिकेतून त्यांनी श्रोत्यांना प्रिय असे जे वळण निश्चित केले, त्यात चांगल्या खोलीत चांगला स्पीकर ऐकल्याचा भास व्हावा इतपत खर्ज वाढविलेला आहे. ही वाढ स्थूलमानाने चार ते सहा डेसिबेलची आहे. पुढील चाचण्यांत सुमारे दोन तृतीयांश श्रोत्यांना हे वळण आहे तसे रुचले, सातांपैकी एखाद्याला यापेक्षाही अधिक खर्ज हवा होता आणि पाचांपैकी एकाला कमी. हार्मन कंपनी स्वतः एकेजी व जेबीएल या नावांचे हेडफोन विकते, तेव्हा हे संशोधन सर्वस्वी निःस्वार्थ नव्हे. पण त्याची पद्धती उघड आहे आणि तिची पडताळणी कोणालाही करता येण्याजोगी आहे.

या निष्कर्षांचे टोक दोन्ही बाजूंना लागते. बीट्सच्या आरंभीच्या हेडफोनांचा खर्ज या वळणाच्याही पलीकडे गेलेला होता, म्हणून ध्वनिरसिकांची तक्रार खरी ठरते. पण ज्या हेडफोनांना ते आदर्श मानीत आले, त्या एचडी ६५० किंवा के ७०१ यांचा खर्ज याच वळणाच्या खाली राहतो, विशेषतः अगदी खोल पट्टीत. ज्याला ते शुद्धता म्हणत होते तीत एक उणीव होती आणि ती त्यांना गुण वाटत होती. किमतीविषयीही असेच. येरून ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मापे तपासली आणि किंमत व स्वरवळण यांत कोणताही संबंध आढळत नाही असे दाखविले. हा निर्वाळा साडेतीनशे डॉलरच्या बीट्सविरुद्ध जितका आहे, तितकाच हजार-दीड हजार डॉलरच्या कुलीन हेडफोनांविरुद्धही आहे.

खर्जाच्या तिरस्कारात केवळ ध्वनिशास्त्र होते असेही मानता येत नाही. ध्वनिरसिकांच्या परीक्षणासाठी ठरलेल्या ध्वनिमुद्रिका म्हणजे बहुधा पाश्चात्त्य अभिजात संगीत, जाझ, अथवा मोजक्या वाद्यांसह गायिलेले स्त्रीगीत. हिप-हॉपच्या बांधणीत खर्ज हा साथीदार नाही, तो पायाच आहे. रोलँडच्या १९८० च्या टीआर-८०८ या तालयंत्राचा खोल, रेंगाळणारा आघात हा त्या संगीताचा स्वभाव बनला, आणि आयपॉडबरोबर मिळणाऱ्या पांढऱ्या कर्णकळ्यांतून तो आघात जवळजवळ ऐकूच येत नसे. हे ज्यांनी ओळखले ते कोणी केवळ नावाचे धनी नव्हते. ड्रे यांची ख्याती १९९२ च्या ‘द क्रॉनिक’पासून गायकापेक्षाही ध्वनिरचनाकार म्हणून अधिक आहे. आयोव्हीन यांनी तर आपला व्यवसाय ध्वनिमुद्रण-कक्षात तंत्रज्ञ म्हणून सुरू केला होता. १९७५ च्या ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘बॉर्न टू रन’चे ध्वनिमुद्रण त्यांच्या हातचे आहे. त्यांनी उपाय अवाजवी केला असेल, पण रोग काल्पनिक नव्हता. कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणांच्या संगीतातील जे अंग अत्यावश्यक, तेच अंग ‘असंस्कृत’ ठरविताना आपण ध्वनीचा निवाडा करीत आहोत की श्रोत्याचा, हा प्रश्न बऱ्याच टीकाकारांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

साशंकता जेव्हा निष्कर्ष आधी ठरवून पुराव्याकडे जाते तेव्हा काय होते, याचे एक बोलके उदाहरण २०१५ मध्ये घडले. नव्या यंत्रोद्योगांना भांडवल पुरविणाऱ्या बोल्ट या अमेरिकन संस्थेतील एका अभियंत्याने बीट्सचा एक हेडफोन उघडला आणि त्यातील साऱ्या सामग्रीची किंमत अवघी सतरा डॉलरच्या आसपास असल्याचा हिशोब मांडला. वस्तू जड आणि म्हणून भारदस्त वाटावी एवढ्यासाठीच आत धातूचे तुकडे घातले आहेत, असेही त्याने म्हटले. ही वार्ता झपाट्याने पसरली; ज्यांना ती खरी असावी असे वाटत होते त्यांनी ती तपासली नाही. काही दिवसांतच तो हेडफोन नकली असल्याचे उघड झाले. त्या अभियंत्याने ते प्रांजळपणे मान्य केले आणि मग खरी जोडी उघडली. तिच्यातही धातूचे भाग होतेच, आणि सामग्रीची किंमतही फार वेगळी निघाली नाही. म्हणजे निष्कर्ष पुष्कळसा टिकला. पण जी मंडळी आपल्याला कानाने अस्सल-नकली ओळखता येते असे समजत होती, त्यांना नकली वस्तूची चिकित्साच अस्सलाविरुद्धचा पुरावा म्हणून चालली. शिवाय प्लास्टिक, तार व चुंबक यांच्या बेरजेवरून हेडफोनचे मोल ठरविणे म्हणजे कागद आणि शाई यांच्या भावावरून ग्रंथाचे मोल ठरविण्यासारखेच आहे. हा हिशोब कोणत्याही प्रतिष्ठित हेडफोनला लावला तर त्याचीही पंचाईत होईल.

यात आणखी एक विसंगती आहे. बीट्सची निर्मिती ज्या मॉन्स्टर कंपनीकडे होती, ती नोएल ली यांनी १९७९ च्या सुमारास स्पीकरच्या जाड, महागड्या तारा विकण्यासाठी काढली होती. साध्या तारेपेक्षा खास तारेतून संगीत अधिक चांगले ऐकू येते, या श्रद्धेवर तिने आपला व्यापार उभारला, आणि ती श्रद्धा जोपासणारे ग्राहक प्रथम ध्वनिरसिकच होते. नावाच्या बळावर ध्वनी विकण्याची कला त्या कंपनीने बीट्सकडून घेतली नव्हती. ती तिच्या अंगी आधीपासून होती. दोघांची भागीदारी २०१२ अखेर संपली आणि पुढे न्यायालयात गेली.

कलावंताचे नाव हाच खरा आक्षेपाचा विषय असता, तर २०१० मध्ये एकेजीने काढलेल्या क्यू ७०१ विषयीही तितकाच गदारोळ व्हावयास हवा होता. ध्वनिरसिकांच्या पसंतीचा के ७०१ हाच हेडफोन थोड्याफार फेरफाराने, नव्या रंगांत, संगीतकार क्विन्सी जोन्स यांच्या नावाने त्यात सादर केला होता. तेथे नाव होते, रंग होता, किंमतही काही लहान नव्हती. तरीही त्याला या मंडळींत सुखाने जागा मिळाली, कारण त्याचे कूळ ठाऊक होते. उलट बीट्सने २०१४ मध्ये ‘सोलो २’ हा बराच सुधारलेला हेडफोन आणला, तेव्हा अनेक वर्षे हेडफोनांची मापे घेत आलेले अमेरिकन परीक्षक टिल हर्टसेन्स यांनी त्याची मोकळेपणाने प्रशंसा केली आणि बीट्सविषयी फेरविचार करावा असे सुचविले. जुन्या बीट्सवर टीका करणाऱ्यांपैकीच ते एक होते. त्यांच्या म्हणण्याला वजन होते ते एवढ्याचसाठी की दोन्ही वेळी त्यांनी हेडफोन मापला व ऐकला होता.

पुढील वर्षांत कलावंताच्या नावाचे कार्यही पालटले आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात बीट्सने ‘स्टुडिओ प्रो’ हा हेडफोन पुन्हा साडेतीनशे डॉलरच्या घरातच बाजारात आणला, आणि थोड्याच दिवसांत किम कार्डाशियन यांच्या नावाने त्याची तीन सौम्य रंगांतील आवृत्ती त्याच किमतीस निघाली. आतील यंत्रात काही फरक नव्हता आणि तसा दावाही नव्हता. पंधरा वर्षांपूर्वीच्या नावाने श्रोत्याला संगीतकाराचे कान देऊ केले होते. हे नाव फक्त रंगापुरते आहे.